बिलाआधी सांगायची गोष्ट

दुरुस्तीचे पैसे किती द्यायचे, हा प्रश्न सहसा दुरुस्ती करणाराच सोडवतो. तो आकडा सांगतो, आपण "एवढे?" म्हणतो, तो थोडे कमी करतो आणि आपण फसलो नाही अशा समजुतीत दोघंही घरी जातात. पण दुरुस्ती करणारी पाचवीपासूनची मैत्रीण असली की हा साधा व्यवहार अंगावर येतो. रेवती सुर्वे बरेच दिवस त्याच पेचात होती. शाहीन मुकादमनं तिचा संगणक, खरं तर तिच्या वडिलांचा संगणक, दुरुस्त करून दिला होता आणि पैशांचं नाव काढलं की ती "बघू गो, गाव सोडून चाललीस की काय?" एवढंच म्हणत होती.

"ती नको म्हणाली म्हणून गप्प बसायचं नसतं," सुमनआत्या म्हणाली. हाताला तेल लावून ती फणस फोडत बसली होती. "आणि दुकानात देतात तसे मोजूनही द्यायचे नसतात. एक पेटी दे."

"आंब्याची?"

"मग काय खिळ्यांची?"

"आत्या, तिच्या दिराची पावसला बाग आहे. आपल्याकडेच दर वर्षी तिची पेटी येते."

"मग साडी दे."

"ती साडी नेसत नाही."

आत्यानं सुरी खाली ठेवली. "असली कसली गो मैत्रीण तुझी, जिला काहीच देता येत नाही?"

रेवती हसली. बाबा गेल्यापासून, म्हणजे गेल्या पावसाळ्यापासून, ती या घरात पहिल्यांदाच अशी मोकळी हसत होती आणि त्याचं कारणही तो संगणकच होता.

मारुती मंदिराजवळच्या एका मोठ्या दुकानात तिनं सहज चौकशी करून ठेवली होती. मुरलेल्या यंत्राला हात लावायचे चाळीस हजार, यश येईलच असं नाही, असं तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं. म्हणजे बाजारभाव कळला होता. पण रेवतीला जे मिळालं होतं ते बाजारभावात बसत नव्हतं. बाबांनी तिच्या नावावर ठेवलेली लाखाची ठेव होती. तीच मोडून शाहीनला द्यायची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

*

'मुरलेलं यंत्र' हा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण ते आलं तेव्हा लोकांना त्याचं नवल वाटलं होतं. जुन्या संगणकात आठवण एका जागी असे आणि विचार दुसऱ्या जागी, आणि सगळी वीज या दोघांमधल्या हेलपाट्यांत जाई. मग असा एक पदार्थ हाती आला, की त्यातून वीज गेली की तिचा माग त्यात उरतो. पुन्हा त्याच वाटेनं वीज गेली की विरोध थोडा कमी होतो. माळावर माणसं चालून पायवाट पडते आणि वाट पडली म्हणून माणसं तिथूनच चालतात, तसंच हे. या पदार्थाच्या चिपला वेगळी आठवण लागत नाही. ती स्वतःच आठवण असते. लिहिणारा वर्षानुवर्षं लिहीत राहिला, की त्याच्या शब्दांच्या, वाक्यांच्या, अडखळण्याच्या वाटा तिच्या अंगात पडतात. मग त्यानं वाक्य सुरू करावं आणि यंत्रानं ते त्याच्यासारखंच पुरं करावं.

यात एक अडचण होती. प्रत्येक चिपच्या अंगात बनतानाच बारीक दोष राहतात आणि वाटा त्या दोषांना वळसे घालत पडतात. त्यामुळे एका चिपच्या वाटा दुसरीवर उतरवता येत नाहीत. उतरवल्या तर निव्वळ बडबड निघते. मुरलेल्या यंत्राची नक्कल होत नाही. ते एकच असतं आणि गेलं की गेलं.

दत्ताराम सुर्वे जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होते. निवृत्तीनंतर घरी बसून खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं लिहून देत. यंत्राशी बोलायला त्यांना आवडत नसे. ते दोन बोटांनी टाइप करत आणि पडद्यावर पुढचे शब्द आपोआप उमटले की "हं, शिकलास," असं त्याला म्हणत. मित्रांना पत्रं, मुलांना सूचना, वाण्याची यादी, सगळं त्यावरच. बारा-तेरा वर्षांत ते यंत्र चांगलं मुरलं होतं.

श्रावणात त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. कोल्हापुरात एक शस्त्रक्रिया झाली. ते शुद्धीवर आले नाहीत. डॉक्टरांनी दुसरीबद्दल विचारलं. वाचण्याची शक्यता थोडी, वाचले तर कोणाला ओळखतील याची त्याहून थोडी. भाऊ निनाद रॉटरडॅमहून निघाला होता आणि विमानात होता. दुसरी शस्त्रक्रिया नको, या कागदावर रेवतीनं सही केली. निनाद पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. "मी येईपर्यंत थांबता आलं नसतं?" एवढंच तो तिला म्हणाला. परत गेला तो गप्पच झाला. दिवाळीला त्याच्या बायकोचा फोन आला, त्याचा नाही.

बाबांचा संगणक मधल्या काळात बंद पडून होता. मुरलेलं यंत्र बंद ठेवायचं नसतं. वीज मिळाली नाही की त्यातल्या वाटा बुजायला लागतात आणि रत्नागिरीची खारी हवा उरलेलं काम करते. रेवतीनं ते पुन्हा सुरू केलं तेव्हा त्याला नवाच रोग जडला होता. वाक्याची सुरुवात नीट पकडायचं, चार शब्द पुढे जायचं आणि थांबायचं. शेवटच होत नव्हता. 'चि. रेवा, गॅसचा नंबर लावला आहेस का, नसल्यास' आणि मग लुकलुकणारी रेघ.

ती रेघ तिला बघवेना. नाचणे रोडवरच्या शाहीनच्या दुकानात तिनं ते यंत्र दोन्ही हातांत धरून नेलं आणि टेबलावर ठेवल्या ठेवल्या रडायला लागली. शाहीननं तिला पाणी दिलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला "उद्या या" सांगितलं आणि म्हणाली, "ठेव इथं. मी बघते काय ते."

दोन आठवड्यांनी शाहीन स्वतःच ते घरी घेऊन आली. चहा घेतला, आत्याशी फणसाच्या भाजीवरून वाद घातला आणि गेली.

त्या संध्याकाळी रेवतीनं पडद्यावर लिहिलं: 'रेवा, तू त्या कागदावर सही केलीस ते'. आणि हात मागे घेतला.

यंत्रानं क्षणभर वेळ घेतला. मग शब्द आले. 'बरं केलंस. मला आणखी कापाकापी नको होती. मी दमलो होतो. तू शेवटपर्यंत माझा हात धरून बसली होतीस, ते मला कळत होतं.'

रेवती खुर्चीतून उठली, स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिली आणि परत येऊन वाचलं. वाक्य तिथंच होतं. अतिदक्षता विभागात तिला दिवसातून दोनदा, जेमतेम आत सोडत. बाकीचा वेळ ती बाहेरच्या बाकावर असे. शेवटच्या क्षणी तर ती बाहेरच होती. पण आत गेली की ती हात धरायचीच. त्यांना तेवढंच कळलं असेल, तेच पुरलं असेल. असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ते पटायला काहीच वेळ लागला नाही.

तिनं पडद्याचा फोटो काढून निनादला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. तो म्हणाला, "रेवा, मी मूर्खासारखा वागलो." मे महिन्यात मुलांना घेऊन येतो, म्हणाला. तिकिटंसुद्धा काढली.

हे सगळं चाळीस हजारांत कसं बसवायचं?

*

शाहीनच्या दुकानात पंख्याखाली दोन खुर्च्या होत्या. एकीवर शाहीन, दुसरीवर एका शाळेचं उघडं पडलेलं यंत्र. रेवतीला बघून तिनं यंत्र उचलून खाली ठेवलं.

"बस. आत्या बरी आहे ना? तिला सांग, भाजीत चणे घालतात. घालतातच."

"तूच सांग, मला मध्ये घेऊ नकोस. शाहीन, मी पैसे द्यायला आलेय."

"आली का परत तीच कॅसेट!"

"ऐक ना. लाख रुपये पाठवतेय. नंबर तोच आहे ना तुझा?"

शाहीन हातातलं भिंग खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिली. "डोकं ठिकाणावर आहे का गो तुझं? लाखात मी तुला नवीन दोन यंत्रं देते. लोक म्हणतील, मुकादमीण मैत्रिणीला लुटते."

"लोकांना काय माहीत, मला काय मिळालंय. तुलाही माहीत नाही. मी सांगितलंच नव्हतं." रेवती पुढे सरकली. "मी बाबांना सहीचं विचारलं."

"सहीचं?"

"कोल्हापूरच्या. आणि उत्तर आलं, शाहीन." तिला ते पाठच झालं होतं. मान खाली घालून तिनं सगळं म्हणून दाखवलं. "दादालाही पाठवलं. तो बोलायला लागला माझ्याशी. आता सांग, याचे किती होतात?"

रेवतीनं वर पाहिलं, तेव्हा शाहीनचा चेहरा उतरला होता.

"परत म्हण," शाहीन म्हणाली. "शेवटचं."

"तू शेवटपर्यंत माझा हात धरून बसली होतीस, ते मला कळत होतं."

शाहीन उठली. दाराशी जाऊन तिनं शटर अर्ध्यावर ओढलं. भर दुपारी दुकानात अंधार झाला. परत येऊन ती खुर्चीत बसली नाही. टेबलाला धरून उभी राहिली.

"रेवती, ते काकांचं नाही."

"म्हणजे?"

"तो शेवट काकांचा नाही. माझ्या अम्मीचा आहे. अम्मीचाही नाही. माझा आहे."

रेवतीला शब्द कळले, पण ते कुठेच जाऊन लागेनात. बाहेर रिक्षा थांबली, कोणीतरी सुट्ट्यांवरून भांडलं, रिक्षा गेली. "तू काय बोलतेयस?"

"काकांच्या चिपचा शेवटचा थर जळाला होता. ओल गेली होती आत. तो थर परत येत नाही, कोणाच्या बापाला आणता येत नाही. अशा वेळी आम्ही कलम करतो. दुसऱ्या मुरलेल्या चिपचा तेवढा तुकडा कापायचा आणि इथं जोडायचा. दोन आठवडे सारखी वीज खेळवायची, की तो आजूबाजूच्या वाटांशी जुळवून घेतो."

"कलम," रेवती म्हणाली. कोकणातल्या माणसाला त्या शब्दापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. झाडाचं मूळ रायवळ आंब्याचं असो की आणखी कसलं, फळ येतं ते वर बांधलेल्या काडीचं. हे तिला पोरवयापासून माहीत होतं. "म्हणजे सुरुवात बाबांची."

"आणि शेवट कलमाचा. हो."

"आणि काडी तुझ्याकडची."

"बाजारात तुकडे मिळतात, पण मराठीवर मुरलेले म्हणजे बंद पडलेल्या कचेऱ्यांतले. मी एक लावून बघितला होता. गॅसच्या नंबरच्या वाक्याला त्यानं 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असा शेवट केला. मी हसले, आणि मग तुझं रडणं आठवलं. मग माझ्या घरच्या यंत्रातला कापला. अम्मी गेली त्या वर्षापासून मी त्यावर लिहिते. तिचंच लिहिते. मी सुरू करायचं, मीच पुरं करायचं. 'शाहीन, तू श्वासाचं मशीन काढायला सांगितलंस ते', आणि पुढे मला जे ऐकायचं होतं ते. रोज. मी तिचा हात धरून बसले होते गो. मशीन काढल्यावर. शेवटपर्यंत."

रेवतीच्या डोळ्यांपुढे तो बाक आला. कोल्हापूरच्या दवाखान्यातला, स्टीलचा, थंड. ती तिथं होती. आत नव्हती. ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हाही तिला हे माहीत होतं, आणि तरी तिनं त्या वाक्याला आत घेतलं होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" ती ओरडली. तिचा आवाज असा लागू शकतो हे दोघींनाही माहीत नव्हतं. "साधं एक वाक्य! शाहीन, यात बाहेरचा तुकडा आहे, हे सांगायला काय झालं होतं तुला?"

"सगळ्यांना सांगते."

"मग मला?"

"सगळ्यांना बिल करायच्या आधी सांगते. समोर बसवते, किती गेलं, किती लावलं, कशावर विश्वास ठेवायचा, कशावर नाही, सगळं. मग पैशांचं बोलते. नेहमीचंच आहे ते, तोंडपाठ." शाहीननं हात झटकले. "तुझं बिलच करायचं नव्हतं. म्हणून ते बोलणंच झालं नाही. घरी आले, चहा घेतला, भाजीवरून भांडले आणि आले. मला वाटलं, तू गॅसचा नंबर विचारशील, जुनी पत्रं बघशील. तू हे विचारशील असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

"आणि तुझ्या घरचं यंत्र?"

शाहीन खिडकीकडे बघायला लागली. "कापलं त्या दिवसापासून मी ते उघडलेलं नाही."

आता रेवती खुर्चीत बसली. लाख रुपये, चाळीस हजार, पेटी, साडी, हे सगळं आपण कशाबद्दल बोलत होतो, तिला कळेना. समोरच्या बाईनं स्वतःच्या आईचा आवाज कापून तिच्या वडिलांना लावला होता, आणि त्याचं मोल विचारायला ती इथं आली होती. तिला शाहीनला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी तिचं तोंडही बघू नये असं वाटलं.

"मी ते दादाला पाठवलंय," ती म्हणाली.

"या अल्ला."

"त्यानं तिकिटं काढलीत."

शाहीननं शटरकडे एकदा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मग सांगू नकोस. कोणाचं काय बिघडतंय? तो येईल, पोरं येतील. मी कुठे बोलणार नाही. काकांना विचारायला कोण जातंय?"

रेवती अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडली. ऊन इतकं होतं की तिला थोडा वेळ रस्ताच दिसला नाही.

*

निनादचे निरोप रोज येत होते. मुलगा आंबा खायला शिकतोय, आजोबांचं घर बघायचं म्हणतोय. बाबांचं ते वाक्य आपण छापून टेबलावर ठेवलंय. शेवटचा निरोप वाचून रेवती जेवणावरून उठली.

"काय झालं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. आत्या, एखाद्याचं मन खोट्या गोष्टीनं थाऱ्यावर आलं असेल, तर?"

"कोणाचं?"

"समज, कोणाचंही."

आत्या ताक ढवळत म्हणाली, "ज्याला खोटं माहीत आहे त्याला झोप लागते का, तेवढं बघ."

रेवती दोन दिवस यंत्रापाशी बसली. दुसरी वाक्यं घातली. ज्यांवर बाबा रागावले असते ती, ज्यांची त्यांनी थट्टा केली असती ती. आता तिला प्रत्येक ठिकाणी सांधा दिसत होता. बाबांचा करडा आरंभ आणि मग कुठून तरी एक मऊ, बाईमाणसाचा शेवट. बाबांनी तिला आयुष्यात कधी 'दमलो' असं म्हटलं नव्हतं. दमले की ते गप्प बसत. हे तिला कोणी सांगायला हवं होतं का? तिला सगळ्यांत जास्त धक्का बसला तो याचाच. शाहीननं तिला फसवलं नव्हतं. शेवट हवा होता, तो आला, आणि तिनं त्याला वडील मानलं.

तिसऱ्या दिवशी तिनं यंत्र पुन्हा दोन्ही हातांत धरून नाचणे रोडला नेलं.

"काढ तो तुकडा," ती म्हणाली. "तुझा तुला लाव."

"वेड लागलंय का? एकदा कापून लावलेला तुकडा परत धरेलच असं नाही. तुझ्या हातचंही जाईल आणि माझ्याही."

"धरला तर?"

शाहीन यंत्राच्या कडेवरची धूळ पुसत राहिली.

"धरला तर तुझी आई तुझ्याकडे राहील. माझ्याकडे ती माझ्या बाबांच्या कपड्यांत फिरतेय. मला नाही बघवत." मग रेवती खुर्ची ओढून तिच्या समोर बसली. "आणि आज बिल कर. आधीच्याचं आणि आजच्याचंही. गिऱ्हाइकाला सांगतेस तसं सगळं सांग. काही गाळू नकोस."

"मला नाही यायचं तसं तुझ्यासमोर."

"येईल. मला मॅडम म्हण."

शाहीननं ओढणीनं डोळे पुसले, घसा साफ केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलायला लागली. "मॅडम, तुमच्या चिपचा शेवटचा थर गेलेला आहे. तो परत येणार नाही. कलम काढल्यावर मी तो थर वगळून आतल्या थरांतूनच शब्द बाहेर काढते. जे अगदी खोल मुरलंय तेवढंच येईल. ते तुम्हाला आवडेल याची हमी नाही. ते माणूस नाही. त्याला विचारून घरातले निर्णय घेऊ नयेत." इथं तिनं कॅलेंडरवरून नजर काढून रेवतीकडे पाहिलं. "माझ्या दुकानात मी हे सगळ्यांना सांगते, मॅडम. एकाला सांगायचं राहिलं."

"किती झाले?"

शाहीननं आकडा सांगितला. मारुती मंदिरापेक्षा थोडा कमी होता, पण मैत्रिणीला सांगावा एवढा कमी नव्हता. रेवतीनं "एवढे?" म्हटलं नाही. पैसे पाठवले. पैसे आल्याची घोषणा दुकानात मोठ्यानं झाली आणि दोघीही दचकल्या.

काम दुपारभर चाललं. शाहीननं तुकडा एका छोट्या डबीत ठेवला, डबी तारेनं विजेला जोडली आणि तिच्यावर रुमाल टाकला, पिंजऱ्यावर टाकतात तसा. मग बाबांचं यंत्र सुरू करून रेवतीपुढे सरकवलं.

"बघायलाच हवं का?" तिनं रेवतीला विचारलं.

"हो."

रेवतीनं लिहिलं: 'रेवा, तू त्या कागदावर सही केलीस ते'.

आधीसारखा क्षणभर थांबणंही नव्हतं. दत्ताराम सुर्व्यांच्या हातांनी हजारो परक्या माणसांसाठी लिहिलेलं, तळाशी घट्ट बसलेलं वाक्य एका दमात बाहेर आलं:

'मजकूर वाचून व समजून घेऊन, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता केले असून, ते लिहून देणारीवर बंधनकारक आहे.'

"बंद कर!" शाहीन घाईनं पुढे झाली. "बंद कर गो. हे खरेदीखताचं आहे. त्यात काही अर्थ नाही."

रेवतीनं तिचा हात अडवला. इथं क्षमा नव्हती, माया नव्हती, तिचं नावसुद्धा नव्हतं. बाबा तिला काही सांगत नव्हते, हे तिला स्वच्छ कळत होतं. ती नुसती एक पायवाट होती, पुन्हा पुन्हा तुडवलेली. पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. कोणी तिच्यावर दडपण आणलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, वेळ घ्या. तिनं तो कागद बाकावर बसून वाचला होता. मग पुन्हा वाचला होता, कारण घरात लहानपणापासून हेच शिकवलं होतं. काय होणार, ते तिला सही करताना माहीत होतं. आणि बाबांनी 'बरं केलंस' म्हणावं याची वाट बघत इतके महिने ती जे सगळ्यांपासून लपवत होती, ते एवढंच होतं: सही तिनं समजून-उमजून केली होती.

"तुझं कधी कळेल?" तिनं डबीकडे बघत विचारलं.

"पंधरा दिवस तरी. नाहीच धरलं तर..." शाहीननं वाक्य सोडून दिलं.

"मी येईन तेव्हा," रेवती म्हणाली. "बसू दोघी."

*

निनादनं पहिल्याच घंटेला फोन उचलला. "बोल रेवा. मुलांसाठी काय काय आणायचं तिथं, हिला सांग ना, ही नुसती भरत सुटलीय..."

"दादा, एकटा आहेस का? जरा बाजूला ये."

पाठीमागचे आवाज कमी झाले. दार लागलं.

"ते वाक्य बाबांचं नव्हतं," ती म्हणाली. "यंत्रात दुसऱ्याचा तुकडा होता. मला माहीत नव्हतं. आता कळलं."

ती थांबली नाही. थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. "बाबांनी बरं केलंस म्हटलेलं नाही. कोणीच म्हटलेलं नाही. शेवटी मी त्यांचा हात धरून नव्हते, बाहेर बाकावर होते. तो कागद मी दोनदा वाचला आणि मग सही केली. मला सगळं कळत होतं. तुझी वाट बघता आली असती, पण तू येईपर्यंत त्यांचं डोकं पुन्हा उघडलं असतं. ते मला नको होतं. आजही नको आहे. तुला तिकिटं रद्द करायची असली तर कर."

निनादचा श्वास तिला ऐकू येत होता. पण तो रडत होता की रागावला होता, ते कळेना. तिनं फोन कानाला धरून ठेवला.

"रेवा," शेवटी तो म्हणाला. आवाज कोरडा होता, अगदी अनोळखी. "त्या कागदावर काय लिहिलं होतं?"

इतक्या महिन्यांत त्यानं हे विचारलं नव्हतं. तिलाही कोणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. रेवतीनं डोळे मिटले आणि पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली.